कादंबरीवरचा सिनेमा कादंबरीच्या पुढं कधी जातो?

कादंबरीवर सिनेमा आला की थिएटरच्या दारातच एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पुस्तकाची सर नाही." पुष्कळदा ते खरं असतं, पण दर वेळी नाही. ते केव्हा खरं ठरेल याचा अंदाज पुस्तक नीट वाचलं असेल तर सिनेमा पाहण्याआधीच करता येतो. पुस्तकाचं वजन नेमकं कशावर आहे, घटनांवर की सांगणाऱ्याच्या आवाजावर, हे आधी ओळखायचं. घटनांवर असेल तर सिनेमा पुढं जाऊ शकतो, आणि बरेचदा जातोही. आवाजावर असेल तर सिनेमाला फार कष्ट पडतात.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजून घ्यायला लांब जावं लागत नाही. आजऱ्याचे शिवाजी सावंत, कागलचे आनंद यादव, कोवाडचे रणजित देसाई, पट्टणकोडोलीचे शंकर पाटील ही आपल्याच जिल्ह्यातली लेखणी. दुसऱ्या बाजूला बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, 1 जून 1929 ला इथंच सुरू झालेली प्रभात, पुढं हंस पिक्चर्स, भालजींचा जयप्रभा स्टुडिओ. आणि पुस्तकावरून सिनेमा करणं आपल्याकडं बोलपटाच्याही आधीपासून चालत आलेलं आहे. पेंटरांचा 'सिंहगड' 1923 चा. तो हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर होता. 1925 चा 'सावकारी पाश' नारायण हरी आपट्यांच्या कथेवर.

'सिंहगड'चंच बघा. तानाजीनं गड घेतला तो रात्री. कादंबरीकार 'काळोखी रात्र' असं लिहितो आणि पुढं सरकतो. कॅमेऱ्याला मात्र काळोख टिपायलाही उजेड लागतो. त्या काळी चित्रण बहुतेक सूर्यप्रकाशावर चालायचं, आणि या चित्रपटासाठी पेंटरांना कृत्रिम दिव्यांची सोय करावी लागली. कागदावर जे दोन शब्दांत होतं त्याला पडद्यावर यंत्रं, माणसं आणि पैसा लागतो. उलट जी गोष्ट सांगायला कागदाला दोन पानं लागतात ती पडदा एका क्षणात दाखवतो. मावळे कड्याला लटकलेले आहेत हे दिसलं की झालं.

आधी वेळेचा हिशेब

तीनशे पानांची मराठी कादंबरी धरली आणि पानावर अडीचशे ते तीनशे शब्द मोजले, तर पंचाहत्तर ते नव्वद हजार शब्द होतात. ती सलग मोठ्यानं वाचायची म्हटली तर दहा तासांच्या आसपास जातील. सिनेमा असतो सव्वादोन तासांचा. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा धंद्यातला चालू आडाखा. म्हणजे सव्वाशे-दीडशे पानं, त्यातही निम्मा कागद मोकळा. त्यात सत्तर ते शंभर सीन बसतात आणि एक सीन सरासरी दीड-दोन मिनिटांचा होतो.

याचा अर्थ साधा आहे: जाड कादंबरीतला तीन-चतुर्थांश भाग सिनेमात येणारच नाही. 'अमुक प्रसंग गाळला' ही तक्रार म्हणूनच फारशी टिकत नाही. कोणता प्रसंग गाळला आणि त्याच्या जाण्यानं उरलेल्यांना काय झालं, हे विचारायला हवं.

गाळण्यानं सिनेमा मोठा झाल्याची सर्वांत ठळक उदाहरणं अमेरिकेतली आहेत. 'द गॉडफादर' ही मारिओ पुझोंची 1969 ची कादंबरी तडाखेबंद खपली. तिच्यात जॉनी फॉन्टेन या गायकाची हॉलीवूडमधली लांबलचक कहाणी आहे आणि लूसी मॅन्सिनी या बाईचं स्वतंत्र उपकथानक आहे. 1972 च्या सिनेमात फॉन्टेन नावापुरता उरला आणि लूसीची कहाणी गेलीच. पटकथेत पुझो स्वतःही होते, म्हणजे लेखकाच्या संमतीनंच कात्री चालली. गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या असलेल्या बापाच्या, व्हिटो कॉर्लिओनेच्या, तरुणपणाचा मोठा भागही बाजूला ठेवला आणि तो 1974 च्या दुसऱ्या भागात वापरला. उरलं काय? बाप, त्याची मुलं, आणि या धंद्यात पडणार नाही म्हणणारा धाकटा हळूहळू बापाच्या खुर्चीत जाऊन बसणं. कादंबरीत हा धागा आहेच, पण चार गोष्टींच्या गर्दीत. सिनेमात तो एकटा राहिला आणि त्याचं ओझं प्रेक्षकाला जाणवलं.

माणसं खाणाऱ्या शार्क माशाच्या 'जॉज'चं तसंच. 1974 च्या कादंबरीत पोलीस प्रमुखाची बायको आणि मासेतज्ज्ञ यांचं प्रकरण आहे, महापौराच्या मागं गुंडांच्या टोळीचा दाब आहे. 1975 च्या सिनेमानं दोन्ही काढून टाकलं. त्यामुळं शेवटी बोटीवर जे तिघं उरतात त्यांच्यात जुना हिशेब राहत नाही. तिघांसमोर फक्त मासा राहतो, आणि आपणही त्या तिघांच्या बाजूनं होतो.

या दोन्ही पुस्तकांची भाषा काढून घेतली तरी फार काही हरवत नाही. त्यांची ताकद प्रसंगाच्या रचनेत आहे. अशी पुस्तकं सिनेमावाल्यांसाठी उत्तम कच्चा माल असतात. थोर कादंबरीपेक्षा बेताच्या कादंबरीवर चांगला सिनेमा सहज होतो, याचं कारण एवढंच की तिथं दिग्दर्शकाला मोडतोड करताना हात आखडावा लागत नाही.

सांगणाऱ्याचा आवाज

आता आपल्याकडच्या दोन कादंबऱ्या घ्या. वि. स. खांडेकरांची 'ययाति' (1959) आणि शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (1967). 'ययाति'त ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. 'मृत्युंजय'मध्ये कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण असे सहा जण बोलतात. गोष्ट तर सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. कर्णाचं चाक रुतणार हे माहीत असूनही आपण ती शेकडो पानं वाचतो, कारण कर्ण ते स्वतःच्या तोंडून सांगतोय. कॅमेरा कर्णाकडं बाहेरून बघतो. तो कुणाच्याही खांद्यामागं उभा राहू शकतो, पण 'मी' म्हणू शकत नाही.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे निवेदन, पात्राचा आवाज पडद्यामागून ऐकवणं. नवख्या पटकथेत सगळ्यात जास्त बिघडतं ते इथंच. पडद्यावर माणूस रडतोय आणि मागून आवाज येतो की मला फार दुःख झालं. एकच गोष्ट दोनदा सांगितली की तिचं वजन निम्मं होतं. निवेदन चालतं ते दृश्य एक सांगत असेल आणि आवाज दुसरंच सांगत असेल तेव्हा: पोरगा बाहेर शूरपणानं हसतोय, आवाजातून त्याची भीती कळतेय. किंवा मोठेपणी मागं वळून पाहणारा माणूस लहानपणीचं सांगतोय आणि त्या दोन वयांमधलं अंतर आपल्याला ऐकू येतंय. 'श्यामची आई'चं पुस्तक नेमकं असं आहे. आश्रमातला मोठा श्याम रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगतो. आचार्य अत्र्यांनी 1953 मध्ये त्यावर सिनेमा केला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. पण पुस्तकात आई आपल्याला श्यामच्या पश्चात्तापातून दिसते. सिनेमात ती समोर उभी असते, वनमालाबाईंच्या चेहऱ्यानं. या दोन वेगळ्या आया आहेत. एकीमुळं दुसरी खोटी ठरत नाही.

दुसरा आणि जास्त खात्रीचा उपाय म्हणजे मनातलं बाहेर आणणं: वस्तूत, हालचालीत, आवाजात. याचा मराठीतला धडा म्हणजे 1937 चा 'कुंकू'. तोवर प्रभात पुण्याला गेली होती, पण करणारे हात कोल्हापूरचेच. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर पटकथाही त्यांनीच लिहिली. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. तिचा कोंडमारा कादंबरीकार चार परिच्छेदांत लिहू शकतो. दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी घरात भिंतीवरचं जुनं घड्याळ ठेवलं. त्याचा लंबक, त्याचे ठोके, त्या घरात साचलेला वेळ हे सगळं आपण तिच्याबरोबर सोसतो. आणि या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते प्रसंगातलंच: पावलं, भांडी, दार, घड्याळ. दुःखाच्या जागी सारंगी वाजत नाही म्हणून नीराचा राग कुठंही पातळ होत नाही. कादंबरीपेक्षा सिनेमा लोकांच्या जास्त लक्षात राहिला, त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'त (1955) हेच टोकाला नेलं. अपूची थोरली बहीण दुर्गा गेलेली आहे आणि बापाला ते माहीत नाही. तो परगावाहून येतो, आणलेल्या वस्तू बायकोला एकेक दाखवतो, दुर्गासाठी आणलेली साडी पुढं करतो. आई कोसळते. तिचा आक्रोश आपल्याला ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाई या वाद्याचा सूर चढतो. असा आवाज कागदावर उमटवायला कुठल्याही लेखकाकडं साधन नाही. त्याच सिनेमात अपू आणि दुर्गा काशाच्या फुलांतून पळत आगगाडी बघतात. विभूतिभूषणांच्या कादंबरीत भावंडं आगगाडी बघायला निघतात खरी, पण त्या दिवशी त्यांना ती दिसत नाही. रायनी ती दाखवली. मूळ कादंबरीवर जीव असलेल्या वाचकानंही हा बदल मान्य करावा, कारण गाडी दिसल्यामुळं पुढं दुर्गाच्या जाण्याला धार येते: तिनं जग पाहिलं ते एवढंच.

पटकथाकार पुस्तकाचं करतो काय

पहिलं वाचन वाचक म्हणून, हातात पेन न घेता. दुसऱ्या वाचनात प्रत्येक प्रकरणासाठी एकच ओळ लिहायची: कोणाला काय हवं होतं आणि शेवटी काय बदललं. ज्या प्रकरणात काहीच बदलत नाही ते वाचायला कितीही सुंदर असलं तरी पडद्यावर थांबेल. त्यातल्या वर्णनाचं लोकेशन होईल, एखादी ओळ संवादात जाईल, बाकी सोडायचं. या ओळींची जी यादी होते तिला वनलाइन म्हणतात. चाळीस प्रकरणांच्या कादंबरीतून साधारण पंधरा-वीस ओळी जिवंत निघतात.

मग पात्रं. कादंबरीत चाळीस माणसं चालतात, कारण नाव विसरलं तर वाचक दोन पानं मागं जातो. थिएटरात मागं जाता येत नाही. सात-आठ चेहऱ्यांपलीकडं प्रेक्षक गोंधळतो. म्हणून दोन काका एक होतात, तीन मित्रांचे दोन. जोडताना बघायचं ते काम: दोघांचं गोष्टीतलं काम एकच असेल तरच ते एक करावेत. उसने पैसे देणारा मित्र आणि दगा देणारा मित्र एकच केला तर गोष्टीचा अर्थच पालटतो. कधी तो पालट हवासा असतो, पण तो समजून उमजून केलेला असावा.

जब्बार पटेलांच्या 'सिंहासन'मध्ये (1979) हे काम मोठ्या प्रमाणावर झालं. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन', विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत बांधल्या. मंत्री, कामगार पुढारी, स्मगलर, बाईमाणसं, अधिकारी अशी ती गर्दी. ती सांभाळायला त्यांनी धागा धरला दिगू टिपणीस या पत्रकाराचा. तो सगळीकडं जाऊ शकतो, सगळे त्याच्याशी बोलतात आणि त्याच्या हातात काहीच नाही. कोल्हापूरच्या अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री किती थोडं बोलतो ते मुद्दाम बघा. कादंबरीत त्याचे डाव लेखक उलगडून सांगतो, इथं सरनाईकांची नजर ते काम करते. राजकारणाचे तपशील पुस्तकात जास्त कळतात यात शंका नाही. पण सत्तेतली ती थंड शांतता सिनेमात जास्त अंगावर येते.

कुठून सुरू करायचं हा पुढचा प्रश्न. चरित्रात्मक कादंबरी बालपणापासून सुरू होऊ शकते, सिनेमाला ते परवडत नाही. 'छावा' कादंबरी संभाजीराजांच्या लहानपणापासून चालत येते. 2025 चा सिनेमा थेट बुऱ्हाणपूरच्या छाप्यानं सुरू होतो. याचा फायदा म्हणजे वेग. पण बापलेकांमधलं जे काही आधी घडलं ते मग आठवणींच्या तुकड्यांतून भरावं लागतं, आणि ज्यानं पुस्तक वाचलंय त्याला ते तुकडे अपुरे वाटतात. उशिरा सुरुवात केली की ही किंमत द्यावी लागतेच.

लघुकथेचं गणित नेमकं उलटं असतं. तिथं कापायचं नसतं, भरायचं असतं, आणि भर घालणं कापण्यापेक्षा अवघड. प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाड़ी' थोड्याच पानांची आहे: राज्य बुडतंय आणि दोन सरदार बुद्धिबळात दंग आहेत. रायनी 1977 च्या सिनेमात वाजिद अली शाह आणि इंग्रज रेसिडेंट यांचा सगळा भाग नव्यानं उभा केला, म्हणजे बुद्धिबळाच्या पटाशेजारी दुसरा पट मांडला. त्यांची भर उगीच लांबवण्यासाठी नव्हती, ती मूळ कल्पनेतूनच फुटलेली होती. नवोदितांच्या लघुपटांत जे बिघडतं ते याच्या उलट: दहा पानांची ग्रामीण कथा घेऊन तिला तासाभरापर्यंत ताणतात, मध्ये एक गाणं, एक मारामारी आणि मूळ कथेत नसलेली प्रेमकहाणी घालतात. दहा पानांच्या कथेचा पंधरा ते वीस मिनिटांचा लघुपट होतो, त्यापुढं नेऊ नये.

शेवट बदलला तर

वाचक सर्वांत जास्त चिडतो तो इथं, आणि बरेचदा बरोबर चिडतो. आर. के. नारायण यांच्या 'द गाइड'च्या शेवटी लोकांनी साधू मानलेला ढोंगी राजू पावसासाठीच्या उपासानं खचून पाण्यात उभा आहे, डोंगरात पाऊस येतोय असं म्हणतो आणि कोसळतो. पाऊस आला का, तो मेला का, लेखक सांगत नाही. 1965 च्या सिनेमात पाऊस कोसळतो आणि राजू संत होऊन जातो. नारायणांच्या छोट्या मालगुडीच्या जागी उदयपूरचे महाल आले तेही त्यांना रुचलं नव्हतं. आपली नाराजी त्यांनी लिहून ठेवली आहे. सिनेमा अतिशय देखणा आहे, त्यातली गाणी अजून तोंडात आहेत. तरी माझ्या मते शेवटाच्या बाबतीत पुस्तक पुष्कळ मोठं आहे. ढोंगी माणूस नकळत खरा होतो का, हा प्रश्न ते उघडा ठेवतं आणि सिनेमा त्याचं उत्तर देऊन टाकतो.

पण शेवट बदलणं नेहमीच पाप नसतं. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण 'पिंजरा' आहे, आणि त्याची वंशावळ सांगण्यासारखी आहे. 1905 मध्ये जर्मनीत हाइनरिश मान यांनी एका कडक मास्तरावर कादंबरी लिहिली. हा मास्तर एका गाणाऱ्या बाईच्या नादी लागतो, नोकरी घालवतो, आणि मग सूडानं पेटून सगळ्या गावालाच जुगाराच्या आणि ऐषारामाच्या नादी लावतो. ती प्रतिष्ठित समाजावरची जहाल टीका होती. 1930 मध्ये त्यावर 'द ब्ल्यू एंजल' आला. त्यात सूड गेला. मास्तर विदूषक होतो, अपमान असह्य होऊन आपल्या जुन्या वर्गात परततो आणि टेबलाला घट्ट धरून मरतो. समाजाची गोष्ट एका माणसाची शोकांतिका झाली. 1972 मध्ये शांताराम ती तमाशाच्या फडात घेऊन आले. कथा अनंत मान्यांची, संवाद आपल्या शंकर पाटलांचे. इथले गुरुजी गावानं देवासारखे मानलेले. ते फडाबरोबर निघून जातात, गाव समजतं त्यांचा खून झाला, आणि शेवटी त्यांच्यावर स्वतःच्याच खुनाचा खटला उभा राहतो. आपण कोण हे सांगितलं तर जीव वाचेल, पण गावाच्या मनातले गुरुजी मरतील. ते गप्प राहतात.

एकाच मुळाला तीन फांद्या फुटल्या आणि तिन्हींना वेगळा शेवट आला. तिन्ही आपापल्या जागी पक्के आहेत, कारण प्रत्येकानं आपल्या समाजात मास्तराला काय किंमत आहे हे ओळखून शेवट ठरवला. पहिल्या महायुद्धाआधीच्या जर्मन शहरात मास्तर म्हणजे हुकूमत. सत्तर सालच्या महाराष्ट्राच्या गावात मास्तर म्हणजे आदर्श. जर्मन शेवट जशाचा तसा इथं आणला असता तर तो उपराच वाटला असता. शेवट बदलला की हेच तपासायचं: नवा शेवट गोष्टीच्या नव्या जागेतून आलाय, की निर्मात्याला प्रेक्षक दुखावायचा नव्हता म्हणून?

बोली, अंग आणि सूर

कागदावरची बोली आणि कानावरची बोली यांत मोठं अंतर असतं. आनंद यादव कागलकडची भाषा लिहितात तेव्हा वाचक ती आपल्या गतीनं, मनातल्या मनात उच्चारतो. सिनेमात ती नटाच्या तोंडून यायला लागते आणि तिथं दोन प्रकारे घात होतो. एक म्हणजे सगळ्यांना कळावी म्हणून ती घासूनपुसून प्रमाण केली जाते. दुसरा प्रकार जास्त वाईट: चार 'लई', पाच 'रं', सहा 'गा' पेरले की झाली कोल्हापुरी, अशी समजूत. कोल्हापुरी शब्दांपेक्षा जास्त करून क्रियापदात आणि हेलात असते. इथली बाई "मी येतो", "मी जेवलो" म्हणते, "काय करालाईस?" हा प्रश्न वाक्याच्या शेवटी वर जातो. संवाद लिहिणाऱ्यानं हे पकडलं नाही तर कागलचा माणूस कुठलाच राहत नाही. उपाय कष्टाचा आहे: संवाद लिहून झाल्यावर त्या भागातल्या दोन-तीन वेगवेगळ्या वयाच्या माणसांकडून ते मोठ्यानं वाचून घ्यायचे आणि ती जिथं अडखळतील तिथं खूण करायची. नट त्यानंतर बोलवायचा.

बाकी बाबतीत मात्र यादवांच्या 'नटरंग'ला सिनेमानं भरभरून दिलं. रवी जाधवांचा सिनेमा 1 जानेवारी 2010 ला आला. गुणा कागलकर हा भरल्या अंगाचा रांगडा गडी, आणि फड उभा राहावा म्हणून त्याला नाच्या, म्हणजे तमाशातला बायकी हावभाव करणारा सोंगाड्या, व्हावं लागतं. कादंबरीत ही घुसमट आतून कळते, शब्दाशब्दानं. पडद्यावर अतुल कुलकर्णींचं शरीरच बदलताना दिसतं: आधी पैलवानी बांधा, मग उतरलेलं अंग, मग मनगटातली ती लकब. ते पाहताना त्याच्यावर हसणारं गाव आणि आपण यांत फार अंतर उरत नाही, आणि ही अस्वस्थता वाचताना इतक्या थेट येत नाही. शिवाय ढोलकी. लावणीचं वर्णन कितीही चांगलं केलं तरी ढोलकीचा तोडा वाचता येत नाही. गुणाच्या आतल्या मनासाठी पुस्तक वाचावं, त्याच्या अंगासाठी आणि फडासाठी सिनेमा बघावा.

'जैत रे जैत'लाही (1977) सूर असाच कामी आला. गो. नी. दांडेकरांचं निसर्गवर्णन कादंबरीत पानंच्या पानं आहे. ते काम सिनेमात ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आणि समोरचा तो सुळका यांनी वाटून घेतलं.

हक्काची बाजू

कथा आवडली म्हणून लघुपट काढायला निघालेली मंडळी इथं सर्वांत जास्त अडकतात. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं पुस्तकाचे हक्क राहतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून 'श्यामची आई' 2011 पासून मुक्त आहे. खांडेकर 1976 मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांना 2036 अखेरपर्यंत वारसांची परवानगी लागेल. प्रकाशकानं हो म्हटलं म्हणजे झालं असं नसतं. चित्रपटाचे हक्क बहुतेक वेळा लेखकाकडं किंवा वारसांकडं असतात, त्यामुळं प्रकाशकाच्या करारात नेमकं काय आहे ते बघावं लागतं.

करार लेखी हवा आणि त्यावर सही हवी. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दुसरं काही ठरलं नसेल आणि हक्क घेणाऱ्यानं वर्षभरात ते वापरले नाहीत, तर ते परत जातात. वर्ष पटकथेतच निघून जातं, म्हणून ही मुदत आधीच वाढवून लिहून घ्यावी. आणि हक्क विकल्यावरही लेखकाच्या हाती काहीतरी उरतं: आपल्या नावाला बाध येईल अशी मोडतोड झाली तर तो आक्षेप घेऊ शकतो. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी'वरच्या सिनेमाच्या वादात 1986 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं हा हक्क ठळकपणे मांडला. म्हणून मोठे बदल करायचे असतील तर ते करारातच नमूद करावेत.

दोन्ही शेजारी ठेवून बघायचं तर

वाचनकट्ट्यावर किंवा फिल्म सोसायटीत हा विषय घेतला की चर्चा पाच मिनिटांत 'मला आवडलं', 'मला नाही' वर येते. त्यापेक्षा पूर्ण कादंबरी न घेता एकच प्रसंग निवडावा: पुस्तकातली पाच-सहा पानं आणि सिनेमातला तोच तुकडा, तीन-चार मिनिटांचा. आधी पानं मोठ्यानं वाचायची. मग तुकडा दोनदा बघायचा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. आवाज बंद केल्यावरही प्रसंग कळला तर दिग्दर्शकानं पुस्तक दृश्यात आणलंय. काहीच कळलं नाही तर तो पुस्तकातले संवाद माणसांना उभं करून म्हणवून घेतोय. उलट बाजूनं, पानं वाचताना डोळे मिटून ऐकायला सांगावं आणि कोणतं वाक्य लक्षात राहिलं ते विचारावं. राहिलेलं वाक्य घटना सांगणारं असेल तर तो प्रसंग पडद्यावर उतरण्याजोगा होता. ते सांगणाऱ्याच्या ढंगाचं असेल तर सिनेमानं त्याच्या जागी काय ठेवलं, घड्याळ, चेहरा, सूर की नुसती मोकळी जागा, ते शोधायचं.

पुस्तक आधी की सिनेमा आधी? सांगणाऱ्याच्या आवाजावर उभं असलेलं पुस्तक आधी वाचावं, कारण एकदा नटाचा चेहरा डोक्यात बसला की तो 'मी' पुन्हा आपल्या मनात तयार होत नाही. घटनांवरच्या कादंबरीला आधी सिनेमा बघितला तरी धोका नसतो. शाळकरी मुलांसाठी मात्र पुस्तकच आधी, निदान पहिली तीसेक पानं, म्हणजे त्या घराचं अंगण त्यांनी स्वतः एकदा उभं केलेलं असेल.